आधी मंडळी, मग मंदिर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चिटणीस आमच्या घरी आले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. विषय ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा किंचित उतरला. मंडळाच्या नव्या वास्तूचा निधी जमू लागला आहे, वास्तुविशारदाने आराखडाही धाडला आहे; अशा मुहूर्तावर मराठेशाहीतील दुर्गांवर किंवा पेशवाईतील वाड्यांवर काही ऐकावयास मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आणि आम्ही सांगितले ते असे, की एखादी ख्रिस्ती मंडळी नवे चर्च बांधावयास निघते तेव्हा ती आधी काय ठरविते, यावर आम्ही बोलू.

याला कारण आहे. इमारत समितीच्या गेल्या तीन बैठकींना आम्ही हजर होतो. खुर्च्या किती मावतील, लग्नाला सभागृह दिल्यास भाडे किती यावे, वाहने कोठे उभी राहतील आणि कोनशिलेवर नावे कोणत्या क्रमाने कोरावी, एवढ्या विषयांवर तिन्ही बैठकी रात्री दहापर्यंत चालल्या. हे विषय क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेले असल्याने खर्चाच्या तपशिलाचा आम्हांला आदरच आहे. परंतु ही वास्तू कशासाठी, हा प्रश्न एकदाही निघाला नाही. तो सर्वांना ठाऊक आहे असे प्रत्येकाने गृहीत धरले होते आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे होते.

आमचे मूळ अहमदनगरकडचे आणि घराणे तीन पिढ्या ख्रिस्ती. आपल्यापैकी बहुतेकांनी चर्च पाहिले असेल ते रस्त्यावरून किंवा नाताळच्या रात्री. म्हणून एका शब्दापासून आरंभ करतो. इंग्रजीत 'चर्च' म्हटले की इमारतही येते आणि त्या इमारतीत जमणारी माणसेही येतात. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी मात्र ही गल्लत होऊ दिली नाही. तेथे माणसांच्या समुदायाला 'मंडळी' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' असा असून हाक देऊन एकत्र बोलावलेला जनसमुदाय असा त्याचा अर्थ होतो. भिंती, छप्पर, मनोरा यांचा त्यात मागमूस नाही. जुन्या पिढीतील गृहस्थ 'आमची मंडळी' म्हणून जिचा उल्लेख करीत, तिच्यावाचून घराला घरपण नसे, हे आपण जाणताच. आमच्या पूर्वसूरींनी हा शब्द निवडताना तो अर्थ मनात धरला होता की नाही, देव जाणे. पण निवड उत्तम झाली.

आरंभीच्या काळात या मंडळीला मंदिर नव्हतेच. पहिली दोन-अडीच शतके ख्रिस्ती लोक बव्हंशी कोणाच्या तरी घरी जमत. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस नावाच्या ठिकाणी उत्खननात असे एक घर सापडले. साधारण इ. स. २४०च्या सुमारास दोन खोल्यांमधील भिंत पाडून त्या घरात एक मोठी खोली केलेली होती, आणि बाप्तिस्म्यासाठी दुसरी एक लहान खोली चित्रांनी सजविली होती. एवढाच काय तो बदल. चर्चसाठी केलेल्या बांधकामाचा हा फार जुना पुरावा. आणि बांधकाम म्हणजे काय, तर एक भिंत पाडली! पन्नास वर्षांपूर्वी रेल्वे कॉलनीतील एका क्वार्टरमध्ये आपल्या मंडळाचा पहिला गणपती बसला, तेव्हा पलंग उभा करून खोली मोठी केली होती, असे ज्येष्ठ सभासद सांगतात. तोच प्रकार.

आता आजच्या मुख्य उदाहरणाकडे वळतो. ते आहे इंग्लंडातील कॉव्हेंट्रीचे.

कॉव्हेंट्री हे तेव्हा मोटारी व विमाने बनविणारे कारखानदारीचे शहर होते. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी त्यावर तासन्‌तास बॉम्बवर्षाव केला. साडेपाचशेहून अधिक माणसे मेली आणि शहराचा मध्यभाग जळून गेला. सेंट मायकेलचे मध्ययुगीन कॅथीड्रलही त्यात जळाले. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले चर्च. बाहेरच्या भिंती आणि मनोऱ्यासह उंच शिखर तेवढे उभे राहिले. छप्पर, खांब, आतले लाकूडकाम यांचा ढिगारा झाला. कॅथीड्रलचे प्रमुख, ज्यांना तेथे प्रोव्होस्ट म्हणतात, ते रिचर्ड हॉवर्ड हे त्या रात्री स्वतः छपरावर आग विझविण्यासाठी झटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निर्णय झाला, की हे पुन्हा बांधावयाचे. यात काही विशेष आहे असे आम्ही समजत नाही. जळलेले घर पुन्हा बांधू असे कोणीही म्हणेल, आणि त्या काळात शत्रूला दाखवून देऊ म्हणून तर अधिकच म्हणेल. विशेष आहे ते पुढे. एका गवंड्याने ढिगाऱ्यातील दोन जळकी तुळयांची लाकडे क्रुसाच्या आकारात बांधून उभी केली. एका पाळकाने छपराचे मध्ययुगीन लोखंडी खिळे उचलून तीन खिळ्यांचा क्रूस केला. आणि त्याच वर्षीच्या नाताळात त्या अवशेषांतून बी.बी.सी.वर बोलताना हॉवर्ड यांनी देशाला सांगितले, की सूडाची भावना मनातून काढून टाकण्याचा आमचा प्रयत्न आहे. सहा आठवड्यांपूर्वी शेकडो प्रेते पुरलेल्या गावात उभे राहून हे बोलणे सोपे नव्हते. ते सर्वांना रुचलेही नाही. पुढे १९४८ साली वेदीमागच्या जळक्या भिंतीवर त्यांनी दोनच शब्द कोरविले. पित्याकडे मागितलेल्या क्षमेचे ते शब्द आहेत. शुभवर्तमानात क्रुसावरील येशू जी क्षमा मागतो ती 'त्यांच्यासाठी' मागतो. हॉवर्ड यांनी 'त्यांना' हा शब्द गाळला. क्षमेची गरज एकट्या जर्मनांना नाही, असा त्याचा अर्थ. कोणा वास्तुविशारदाने कागदावर रेघ ओढण्यापूर्वी या मंडळीचा हेतू असा ठरला होता. जे बांधावयाचे ते समेटासाठी.

हेतू ठरला म्हणजे इमारत ठरली असे मात्र नाही. ही गोष्ट आम्हांला फार बोधप्रद वाटली, कारण पुढची दहा-अकरा वर्षे त्या मंडळीची वादावादीतच गेली. पहिला आराखडा सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचा. लंडनचे ते प्रसिद्ध लाल टेलिफोनचे खोके ज्यांनी आखले, तेच हे गृहस्थ. लिव्हरपूलचे प्रचंड अँग्लिकन कॅथीड्रलही त्यांचेच. १९४३मध्ये कॉव्हेंट्रीला नेव्हिल गॉर्टन हे नवे बिशप आले. वेदी लोकांच्या मधोमध असावी असा त्यांचा आग्रह. स्कॉट यांची वृत्ती परंपरेची. दोन्ही गोष्टींचा मेळ घालणारा आराखडा झाला खरा, पण कलाविषयक शाही आयोगाला तो पसंत पडला नाही आणि १९४७च्या आरंभी स्कॉट यांनी राजीनामा दिला. नंतर एक समिती बसली. नवे चर्च जुन्याच जागी, गॉथिक शैलीत व्हावे असे तिने सुचविले. त्यावर वास्तुविशारदांनी गिल्ला केला. अखेर १९५०मध्ये खुली स्पर्धा जाहीर झाली आणि तिच्या अटींत शैलीची सक्ती राहिली नाही.

स्पर्धकांना दिलेल्या पत्रकात बिशप व प्रोव्होस्ट यांचे निवेदन होते. आज आम्ही येथे उभे आहोत ते त्या निवेदनातील एका विचारामुळे. त्याचा आशय असा: आधी इमारत कल्पून मग तिच्यात वेदी कोठे ठेवावी हे पाहू नका, वेदी कल्पा, आणि तिच्यासाठी इमारत उभी करा. वेदी म्हणजे प्रभुभोजनाचे मेज. ज्या एका कृतीसाठी ही माणसे एकत्र येतात ती कृती तेथे घडते. आकार, उंची, शैली, दगड, खर्च या सर्वांच्या आधी ती कृती. निविदेच्या कागदपत्रांत इतके स्वच्छ वाक्य आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही वाचलेले नाही, आणि कागदपत्रे काही कमी वाचली नाहीत.

२१९ आराखडे आले. १९५१च्या ऑगस्टमध्ये बेसिल स्पेन्स यांची निवड झाली. शिखर व मनोरा राखावा अशी अट होतीच. स्पेन्स यांनी जळके भग्नावशेषही छप्पराविना, आकाशाखाली तसेच राखले आणि नवे कॅथीड्रल त्यांना काटकोनात जोडून दिले. जुन्यातून नव्यात जावयाचे. म्हणून वेदी प्रथेप्रमाणे पूर्वेला न येता उत्तरेला आली. दोन्हींच्या मध्ये भिंतीऐवजी काचेचा प्रचंड पडदा आहे, त्यावर जॉन हटन यांनी संत व देवदूत कोरले आहेत. आत उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, की त्या देवदूतांमधून जळके दगड दिसतात. समेट हा शब्द तेथे कोठेही लिहिण्याची गरज पडत नाही.

खिडक्यांची गोष्ट आम्हांला सर्वांत आवडते. दोन्ही बाजूंच्या भिंती करवतीच्या दातांप्रमाणे दुमडलेल्या आहेत आणि दहा उंच रंगीत खिडक्या वेदीकडे तोंड करून बसविल्या आहेत. दारातून आत येणाऱ्याला त्या दिसत नाहीत. दिसते ती दगडी भिंत आणि पुढे पसरलेला रंगीत प्रकाश. वेदीपाशी जाऊन, प्रभुभोजन घेऊन माणूस मागे वळला, की दहाही खिडक्या त्याला एकदम दिसतात. हिरवा रंग कोवळ्या वयाचा, शेवटचा सोनेरी. हा चमत्कृतीचा खेळ नाही. वेदी कल्पा आणि तिच्यासाठी इमारत उभी करा, या सूचनेचे वास्तुविशारदाने दिलेले ते उत्तर आहे. वेदीच्या मागे ग्रॅहॅम सदरलँड यांचे ख्रिस्ताचे भव्य विणलेले चित्र आहे, फ्रान्समधील फेलतँ गावी विणलेले, सुमारे २३ मीटर उंच. बाप्तिस्म्याचे पात्र म्हणजे बेथलेहेमजवळच्या डोंगरावरून आणलेला एक ओबडधोबड धोंडा आहे. वरची बाजू तेवढी कोरून घेतली, बाकी हात लावला नाही. त्यामागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीत जॉन पायपर यांनी आखलेली १९५ काचतावदाने. ज्याच्या त्याच्या हाती एकेक काम देताना तो मनुष्य चर्चला जातो की नाही, हे पाहिले नाही. जेकब एपस्टाइन यांना बाहेरच्या भिंतीवरील सेंट मायकेलचा पुतळा द्यावा असे ठरले, तेव्हा समितीतील कोणी तरी हळूच आठवण करून दिली की एपस्टाइन ज्यू आहेत. 'येशू ख्रिस्तही ज्यूच होता,' असे स्पेन्स यांनी उत्तर दिल्याचे सांगतात. पुतळा भिंतीवर चढलेला पाहावयास एपस्टाइन राहिले नाहीत. १९५९मध्ये ते वारले.

लोकांना हे सारे आवडले असे समजू नका. निवड जाहीर होताच स्पेन्स यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांतील बहुतेक शिव्यांची होती. जुन्यांना ते कारखान्यासारखे वाटले. नव्यांना ते पुरेसे नवे वाटले नाही.

आता आमच्या व्यवसायाला जवळचा प्रसंग. युद्धानंतरच्या इंग्लंडात सिमेंट, पोलाद, गवंडी यांची टंचाई होती आणि बांधकामाला सरकारी परवाना लागे. कॉव्हेंट्रीच्या नगरपालिकेने या परवान्यालाच विरोध केला. हजारो कुटुंबांना घर नाही, शाळांना इमारती नाहीत. चर्चला थांबू द्या, असे सांगण्यास शिष्टमंडळ लंडनला गेले. त्या नगरसेवकांना नास्तिक वा कोत्या मनाचे म्हणून बाजूला सारणे फार सोपे आहे. तसे करण्याचे आमच्या जिवावर येते. ती फाईल आमच्या टेबलावर आली असती, तर आम्ही काय टिपण लिहिले असते? प्रामाणिकपणे सांगतो, 'घरे आधी' असेच लिहिले असते. आणि ते टिपण चुकीचेही ठरले नसते. १९५४ साली बांधकाममंत्री डेव्हिड एकल्स यांनी परवाना दिला आणि नगरपालिकेस पत्र लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा, की हे चर्च एका शहरापुरते नाही. ते उभे राहण्याची वाट देशात व देशाबाहेर किती लोक पाहत आहेत हे मोजता येणार नाही. मंडळीने आपला हेतू चौदा वर्षे उघडपणे सांगितला नसता, तर कोणत्या मंत्र्याला असे लिहिता आले असते? केवळ आमचे जळले म्हणून आम्हांला द्या, एवढेच म्हणणे असते तर नगरपालिका जिंकली असती, आणि जिंकावयासच हवी होती. मात्र घराची वाट पाहणाऱ्या त्या कुटुंबांचे त्या वर्षी समाधान झाले असेल असे आम्हांला वाटत नाही. एकाच वेळी दोन्ही बाजू खऱ्या असतात, असे प्रसंग कारभारात येतात.

२३ मार्च १९५६ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कोनशिला बसली. बिशप गॉर्टन त्याआधी काही महिने, १९५५मध्ये, निवर्तले होते. प्रोव्होस्ट हॉवर्ड १९५८मध्ये निवृत्त झाले. २५ मे १९६२ रोजी कॅथीड्रलची प्रतिष्ठापना झाली तेव्हा वेदीची ती कल्पना मांडणाऱ्या दोघांपैकी एकही आपल्या पदावर नव्हता. कोनशिलेवरील नावांच्या क्रमाबद्दल ज्यांना चिंता वाटते, त्यांनी ही तारीखवार यादी जवळ बाळगावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

हेतू मात्र टिकला. १९६१मध्ये जर्मनीहून तरुण-तरुणींचा एक गट कॉव्हेंट्रीत आला आणि त्यांनी जुन्या जळक्या खोल्यांतील काही भाग स्वतःच्या हातांनी राबून आंतरराष्ट्रीय केंद्रासाठी उभा केला. त्यांच्यापैकी काहींचे बाप हवाई दलात असतीलही. मग १९६५मध्ये कॉव्हेंट्रीचे तरुण जर्मनीतील ड्रेस्डेनला गेले. ते शहर फेब्रुवारी १९४५मध्ये ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी जाळले होते. तेथील एका ख्रिस्ती इस्पितळाचे पुनर्बांधकाम त्यांनी केले. प्रतिष्ठापनेच्या आठवड्यात, ३० मे १९६२ रोजी, बेंजामिन ब्रिटन यांची युद्धातील मृतांसाठी रचलेली संगीतरचना प्रथम सादर झाली. तिच्यासाठी एक इंग्रज, एक जर्मन आणि एक रशियन असे तीन गायक योजिले होते. रशियन गायिकेला सोव्हिएट सरकारने येऊ दिले नाही आणि ऐन वेळी ब्रिटनचीच गायिका उभी करावी लागली. समेटाचा हेतू धरणाऱ्या मंडळीलाही परराष्ट्र खात्यांची संमती लागतेच.

नव्या कॅथीड्रलला जोडून 'ऐक्याचे उपासनागृह' आहे. अँग्लिकन आणि इतर प्रॉटेस्टंट पंथ यांनी एकत्र प्रार्थना करावी म्हणून ते आखलेले आहे. हे वाचताना आम्हांला नागपूर आठवले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या ख्रिस्ती संस्थांनी आपापली पाटी उतरवून उत्तर भारतातील एकच चर्च स्थापिले. त्यासाठी कोणतीही नवी इमारत बांधली नाही.

आपल्या देशातील एका चर्चविषयी न बोलता पुढे जाणे योग्य होणार नाही. काझीपेट-विजयवाडा मार्गावर डोर्णकल नावाचे जंक्शन आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे चहा घेतला असेल आणि गाव न पाहताच पुढे गेला असाल. आम्हीही कितीएक वर्षे तेच केले. तेथील बिशप वेदनायकम सॅम्युएल अझरिया हे अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांचा दीक्षाविधी झाला. ते तिरुनेलवेलीकडचे तमिळ गृहस्थ. तेलुगू मुलखात येऊन, भाषा शिकून राहिले. तेव्हा आपल्याचसारखे परप्रांतीय. त्यांची मंडळी बव्हंशी माला व मादिगा या जातींतील गरीब शेतमजुरांची. गावात ज्यांना देवळाच्या पायरीपाशीही उभे राहू दिले जात नसे आणि ज्यांच्यात आपसांतही रोटीबेटी नव्हती, अशा दोन समाजांना एका छपराखाली, एका पंगतीत बसवावयाचे, हा त्या मंडळीचा हेतू. हा मेळ भिंती रचण्याहून कठीण होता आणि तो सर्वत्र साधला असेही म्हणता येणार नाही.

चर्चचे काम १९१४च्या सुमारास सुरू झाले आणि ६ जानेवारी १९३९ रोजी त्याची प्रतिष्ठापना झाली. पंचवीस वर्षे! त्या काळात इंग्रजांनी जागोजागी विलायती धाटणीची टोकदार चर्चे बांधली होती. अझरियांनी ती वाट सोडली. घुमट आणि मनोरे मुसलमानी धाटणीचे, मंडप व खांब हिंदू मंदिराच्या वळणाचे, आणि वर क्रूस. त्या भूमीवर जे जे पवित्र म्हणून ओळखले जाते, त्याच्याशी नाते सांगून हे चर्च उभे राहावे, परक्याच्या कोठीसारखे दिसू नये, अशी ती भूमिका. सौंदर्याच्या दृष्टीने हे मिश्रण सर्वत्र जमलेच आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण त्या शेतमजुराच्या दृष्टीने पाहा. गावातील देवळात त्याला जाता येत नव्हते. येथे तशाच खांबांचे देऊळ त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते.

उलट उदाहरणेही आहेत. बर्लिनमधील कैसर विल्हेल्म स्मारक चर्च १९४३मध्ये बॉम्बने फुटले. नव्या चर्चसाठी एगॉन आयरमान यांनी प्रथम केलेल्या योजनेत जुन्या फुटक्या मनोऱ्याला जागा नव्हती. बर्लिनकरांनी एवढा गदारोळ केला, की मनोरा राखावा लागला आणि त्याच्या भोवती १९५९ ते १९६३ या काळात नवे चर्च झाले. म्हणजे येथे तज्ज्ञाला जे कळले नव्हते ते लोकांना कळले होते. लिव्हरपूलचे रोमन कॅथलिक कॅथीड्रल १९६७चे. वेदी अगदी मधोमध, लोक सभोवार वर्तुळात. बिशप गॉर्टन यांना जे हवे होते ते तेथे अवतरले. हेतू उत्तम, कल्पना स्वच्छ. आणि थोड्याच वर्षांत छप्पर गळू लागले. प्रकरण कोर्टापर्यंत गेले. तेव्हा हेतू शुद्ध असला म्हणजे डांबर व उतार यांकडे पाहू नये, असे आमचे म्हणणे आहे, असा गैरसमज कृपया कोणी करून घेऊ नये.

त्याच दशकात, १९६२ ते १९६५, व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली आणि उपासना लोकांच्या भाषेत, लोकांच्या सहभागाने व्हावी असे ठरले. वसईच्या चर्चांत लॅटिनच्या जागी मराठी घुमू लागली. भिंती त्याच, वेदी थोडी पुढे आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आणि आजी-आजोबांना मिस्साचा अर्थ पहिल्यांदाच शब्दशः कळू लागला. गवंडीकामाचा खर्च नगण्य.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापिला, त्याला इमारत नव्हती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रीती करणारे सर्वजण त्या दरबारात यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मंडळी आधी, हे खरे; पण मंडळीला छप्परच नसले तर काय होते तेही यात दिसते. त्यांची भजने मात्र आजही गायिली जातात. या शहरातील आम्ही पाच-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतो आणि ती म्हणतो, कारण येथील चर्चमध्ये भाषा निराळी. त्या दिवशी चपला ठेवावयास जागा पुरत नाही.

शेवटी आपल्या आराखड्याविषयी दोन शब्द, कारण ते सांगितल्याविना खाली बसलो तर चिटणीसांना वाटेल की आम्ही मुद्दा टाळला. आराखड्याचे चार ताव आम्ही घरी नेऊन पाहिले. चारशे खुर्च्यांचे वातानुकूलित सभागृह दुसऱ्या तावावर आहे. स्वयंपाकघर मोठे आहे, ते योग्यच आहे. शनिवारचा बालवर्ग आज जुन्या पत्र्याच्या खोलीत भरतो. दहा वर्षांपूर्वी त्यात चाळीस मुले होती, आज अकरा आहेत. ज्यांनी येथे जन्म घेतला, ज्यांना आजीचे पत्र वाचता येत नाही, ती ही मुले. नव्या आराखड्यात हा वर्ग आणि ग्रंथालय कोठे आहे ते आम्ही शोधत होतो. तळघरात, जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली आहे. तिच्यावर पेन्सिलीने 'इतर' असे लिहिलेले आहे.

पुढील बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. त्या दिवशी खुर्च्यांच्या विषयाआधी ही खोली विषयपत्रिकेत पहिली घ्यावी, असे पत्र आम्ही चिटणीसांना कालच दिले आहे.